देश हिरवा होतोय का, हे मोजायचं कसं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण एक छोटा लेख छापला होता, देशाची अर्थव्यवस्था पर्यावरणाला धरून चाललीय की नाही हे नुसत्या जीडीपीवरून कळत नाही असा. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं छापत नाही, नागपूर आणि आजूबाजूचं गाव किंवा मोहल्ला तेवढा देतो. काही पत्रं लांब होती ती थोडी कापली आहेत, पण भाषा ज्याची त्याचीच ठेवलीय.

महाल, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी: सर, जीडीपीचा एक आकडा असतो, पाठ केला की झालं. ग्रीन इकॉनॉमीचा तसा एक आकडा आहे का? नोट्समध्ये जो तो वेगळंच लिहून राहिला.

एकच सर्वमान्य आकडा नाही, आणि नाही तेच बरं आहे, का ते पुढे येईलच. परीक्षेपुरतं आधी सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने, म्हणजे यूएनईपीने, २००८ मध्ये हा विषय हातात घेतला आणि २०११ मध्ये मोठा रिपोर्ट काढला, तो प्रकल्प पवन सुखदेव या भारतीय अर्थतज्ज्ञाच्या नेतृत्वाखाली झाला होता. त्यांची व्याख्या साधी आहे: माणसांचं जगणं सुधारलं पाहिजे, समाजातली विषमता कमी झाली पाहिजे, आणि हे होताना पर्यावरणाचा धोका आणि निसर्गातली टंचाई कमी झाली पाहिजे. तिन्ही एकदम. नुसती झाडं लावली आणि माणसं उपाशी, तर ती ग्रीन इकॉनॉमी नाही.

मग २०१७ मध्ये पेज नावाच्या भागीदारीने (यात यूएनईपीसोबत आयएलओ, यूएनडीपी, युनिडो, युनिटार या संयुक्त राष्ट्रांच्याच संस्था आहेत) मोजायची एक चौकट आणली. तिच्यात १३ निर्देशकांचा एक इंडेक्स आहे, १०५ देशांसाठी काढलेला, वीज मिळते का, हवा कशी आहे, नवीकरणीय ऊर्जा किती, शिक्षण, आयुर्मान, पेन्शन, विषमता असं सगळं त्यात येतं. मला त्यातल्या दोन गोष्टी पटतात. एक म्हणजे देशाला दुसऱ्या देशाशी नाही तर त्याच्या स्वतःच्या आधीच्या स्थितीशी आणि त्याने गाठायच्या टप्प्याशी ताडून बघतात, आणि ज्या बाबतीत धोक्याची रेघ जास्त ओलांडलीय त्याला वजन जास्त. दुसरी म्हणजे कार्बन, पाणी, जमीन, नायट्रोजन यांची मोजणी त्या इंडेक्समध्ये मिसळून न टाकता बाजूला डॅशबोर्डवर वेगळी ठेवलीय. म्हणजे शाळा वाढल्या म्हणून नदी आटल्याचा आकडा झाकला जात नाही. सरासरीत असं झाकलं जाणं खूप सोपं असतं.

कोराडी, निवृत्त वीज कर्मचारी: भाऊ, पेपरात वाचलं का देशातली अर्धी वीज आता कोळशाशिवाय आहे. मग आमच्या इकडे राख काऊन कमी नाही झाली? कोळशाच्या वॅगनी तर रोज येऊनच राहिल्या.

काका, तुम्ही जे बघून राहिले तेही खरं आहे आणि पेपरातलंही खरं आहे. बातमी नीट वाचली तर ती विजेची नाही, क्षमतेची आहे. जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की देशातल्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा, म्हणजे सोलर, वारा, जलविद्युत, अणू वगैरेंचा वाटा ५० टक्के झाला. हे टार्गेट २०३० चं होतं, पाच वर्षं आधी गाठलं, आणि हे खरंच मोठं काम आहे, त्याला कमी लेखू नका.

पण तुम्ही प्लांटमध्ये होते म्हणून तुम्हाला पीएलएफ, म्हणजे प्लांट पूर्ण क्षमतेच्या किती टक्के चालतो, ते सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. १ मेगावॅटचा सोलर प्लांट वर्षभरात साधारण १५ ते १७ लाख युनिट देतो, कारण रात्र असते, ढग असतात. तोच १ मेगावॅट कोळशाचा, ६५ टक्के पीएलएफवर चालला तर ५७ लाख युनिटच्या आसपास देतो. म्हणून क्षमता अर्धी अर्धी झाली तरी प्रत्यक्षात जी वीज आपल्या घरात येते तिच्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच असते. आणि ज्या वर्षी हे ५० टक्के जवळ आले त्याच २०२४-२५ मध्ये देशातलं कोळशाचं उत्पादन पहिल्यांदा १०० कोटी टनांच्या वर गेलं. दोन्ही रेकॉर्ड एकाच देशाचे, जवळपास एकाच वेळचे.

आपल्या भोवतीच बघा ना. कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच, वर जुना २१० चा, खापरखेड्याला १३४० मेगावॅट, मौद्याला २३२०. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते, म्हणजे वॅगनी आल्या की राख येणारच, तिला टक्केवारी समजत नाही. त्यामुळे "किती टक्के हिरवं" असं कोणी सांगितलं की लगेच विचारायचं, कशाचे टक्के? अंश सगळे दाखवतात, छेदाच्या जागी काय ठेवलंय ते कोणी मोठ्याने सांगत नाही. क्षमता ठेवली तर ५०, प्रत्यक्ष वीज ठेवली तर त्याच्या अर्ध्याच्या जवळपास. माझ्या मते कोराडीच्या माणसाला मोजायचा खरा आकडा एकच, वर्षात किती टन कोळसा जळाला. तो खाली आला की राखही खाली येईल.

सावनेर, कॉमर्सचे शिक्षक: भारताने उत्सर्जनाची तीव्रता ३६ टक्क्यांनी कमी केली असं मी वर्गात शिकवतो. एका पोरीने विचारलं, सर मग प्रदूषण ३६ टक्के कमी झालं का? मी थोडा अडखळलो. तिला नेमकं काय सांगू?

त्या पोरीला सांगा की तिचा प्रश्न संपूर्ण विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि उत्तर आहे नाही, कमी झालं नाही, वाढलं.

तीव्रता म्हणजे एक रुपया उत्पन्न तयार करताना किती हरितगृह वायू सोडले. २०१५ मध्ये आपण जगाला शब्द दिला की २००५ च्या मानाने ही तीव्रता २०३० पर्यंत ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करू, २०२२ मध्ये तो शब्द वाढवून ४५ टक्के केला, आणि २०२० पर्यंत ३६ टक्के घट झाल्याचं आपल्या सरकारने संयुक्त राष्ट्रांना कळवलंय. दिलेला शब्द आपण पाळतोय यात शंका नाही. आता फळ्यावर हिशोब मांडा. समजा २००५ मध्ये उत्पन्न १०० आणि धूर १००. नंतर उत्पन्न झालं २५०. तीव्रता ३६ टक्क्यांनी कमी म्हणजे दर रुपयामागे धूर १ च्या जागी ०.६४. गुणा, २५० गुणिले ०.६४ म्हणजे १६०. तीव्रता घटली आणि एकूण धूर दीडपटीच्या वर गेला. हे मी समजायला सोपे आकडे घेतलेत, देशाचे खरे आकडे वेगळे आहेत, पण दिशा हीच आहे. आकाशाला फक्त १६० कळतात, ०.६४ नाही.

आपल्याकडचंच उदाहरण द्या. कोराडीला ६६० चे आणखी दोन संच टाकायचा प्रस्ताव आला, २०२३ मध्ये त्याची जनसुनावणी झाली तेव्हा विरोधही भरपूर झाला. अशा प्रस्तावात नेहमी एक मुद्दा असतो की नवीन सुपरक्रिटिकल तंत्रज्ञान जुन्या २१० च्या संचापेक्षा एका युनिट विजेमागे कमी कोळसा खातं, आणि हे बरोबर आहे, तांत्रिकदृष्ट्या सोळा आणे बरोबर. पण जुनं बंद करून त्याच्या जागी तेवढंच नवीन टाकणं वेगळं, आणि जुन्याच्या तिप्पट चौपट क्षमता नवीन टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात दर युनिटचा आकडा सुधारतो आणि खाली राहणाऱ्या माणसाच्या छातीत जाणारं एकूण वाढतं. पोरांना हे कळलं तर जनसुनावणीत बसून योग्य प्रश्न विचारतील.

पण त्यांना दुसरी बाजूही सांगा, नाहीतर अन्याय होईल. भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड सुटतो, जगाची सरासरी साडेचार-पावणेपाच टन, अमेरिकेची १४ च्या आसपास. ज्या देशात अजून कोट्यवधी लोकांना पंखा कूलर नीट परवडत नाही (आणि आपल्याकडे मे महिना कसा असतो ते सांगायला नको) तिथे उत्पन्न वाढतानाचा काही धूर वाढणारच, म्हणून गरीब देशाने तीव्रतेत शब्द देणं चूक नाही. माझं म्हणणं इतकंच की तीव्रतेच्या शेजारी एकूण आकडाही त्याच टायपात छापा, आणि तो कोणत्या वर्षी वाढायचा थांबेल ते सांगा. २०७० ला नेट झीरो (जितका धूर सोडू तितकाच शोषून घेऊ) असं आपण २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं, पण शिखर कोणत्या साली येणार ते जाहीर केलेल्या टार्गेटमध्ये नाही.

एकूण धूर खरोखर कमी केलेले देश आहेत. ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं आणि त्यांचं देशातलं उत्सर्जन १९९० च्या निम्म्यावर आलंय. मात्र तिथेही बघावं लागतं, कारण तिकडे वापरला जाणारा बराच माल आता चीनमध्ये, आपल्याकडे, व्हिएतनाममध्ये बनतो आणि त्याचा धूर बनवणाऱ्या देशाच्या खात्यात पडतो. म्हणून वापरानुसार मोजलेला हिशोब वेगळा ठेवतात, त्यात ब्रिटनची घट थोडी लहान दिसते. घट आहे, पण लहान.

काटोल, संत्रा बागायतदार: साहेब, एक जण सांगत होता का सॅटेलाइटवरून पाहून माझी संत्र्याची बाग सरकार जंगलात मोजते. हे खरं आहे काय?

हो जी, मोजली जाऊ शकते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची पद्धत अशी आहे की १ हेक्टर किंवा जास्त जागा आणि तिच्यावर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्के किंवा जास्त, की ते वनाच्छादन. मालक कोण, झाड कोणतं, कायद्याने ती जमीन जंगल आहे की नाही, हे त्यात बघत नाहीत. त्यामुळे फळबाग, बांबू, निलगिरीची लागवड हे सगळं येऊ शकतं. २०२३ च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्ष आच्छादन मिळून २५.१७ टक्के आहे, आणि १९८८ च्या वन धोरणाचं उद्दिष्ट आहे एक तृतीयांश.

तुमची बाग वाईट आहे असं नाही, तिच्यावर घर चालतं, सावली आहे, पाखरं आहेत. पण पेंचमधला जुना सागवान आणि मिश्र जंगलाचा हेक्टर तोडला आणि तेवढीच लागवड दुसरीकडे उभी केली तर टक्केवारी जागेवर राहते, आणि वाघ, पाणी, मातीत साठलेला कार्बन जागेवर राहत नाही. तोतलाडोह धरणात जे पाणी साठतं आणि नागपूरच्या नळाला येतं त्याच्यामागे वरचं जंगल आहे. यासाठी संयुक्त राष्ट्रांनी मार्च २०२१ मध्ये परिसंस्था लेखांकनाची पद्धत मंजूर केली, तिच्यात जंगल किती हे तर लिहायचंच, पण ते कोणत्या अवस्थेत आहे आणि त्यातून कोणती सेवा मिळते, पाणी धरणं, माती धरणं, परागीकरण, हेही वेगवेगळ्या तक्त्यात लिहायचं. आपलं सांख्यिकी मंत्रालय एन्व्हीस्टॅट्स नावाने २०१८ पासून यातले काही हिशोब काढतंय. आकडे कोरडे असतात पण वाचण्यासारखे आहेत.

प्रतापनगर, गृहिणी: माझा मुलगा म्हणतो पर्यावरणात भारताचा नंबर शेवटून चौथा-पाचवा. आपण एवढे वाईट आहोत का हो?

तो येल आणि कोलंबिया विद्यापीठांचा ईपीआय, म्हणजे देशांच्या पर्यावरणातल्या कामगिरीचा निर्देशांक, म्हणत असेल. २०२२ मध्ये १८० देशांत आपण १८० वे होतो, २०२४ मध्ये १७६ वे. २०२२ ला आपल्या पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की गेल्या दहा वर्षांतल्या वाढीची रेघ सरळ पुढे ओढून २०५० चं उत्सर्जन धरलंय आणि दरडोई उत्सर्जनाला वजन कमी दिलंय. ताई, हे आक्षेप मला बऱ्याच अंशी पटतात. पण त्याच यादीत हवेच्या बाबतीतही आपण तळाला आहोत आणि तिथे वाद घालायला जागा नाही. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, आपली स्वतःचीच वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. आणि आपल्याच ४० च्या वर असलेली शहरं कितीतरी. नंबर सोडून द्या, मुलाला म्हणा त्या यादीतला हवेचा रकाना उघडून बघ.

धंतोली, सीए: खर्च वजा जाता राहतो तो नफा, हे आम्ही रोज करतो. मग देश जीडीपीतून निसर्गाचं नुकसान वजा का करत नाही? एक ग्रीन जीडीपी काढला की प्रश्न मिटला.

तुम्हाला हे लवकर समजेल. जीडीपी मुळात नफा-तोटा पत्रकही धड नाही, त्यात घसारासुद्धा वजा नसतो, आणि ताळेबंद तर नाहीच. ज्यांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब पहिल्यांदा मांडला त्या सायमन कुझ्नेट्सनीच तिथे लिहून ठेवलं होतं की या आकड्यावरून लोकांच्या कल्याणाचा अंदाज फारसा बांधता येत नाही. बँकेतली एफडी मोडून घरखर्च भागवला तर कोणताही सीए त्याला उत्पन्न म्हणणार नाही. पण उमरेडची खाण खणली, कोळसा विकला, तर तो पूर्ण पैसा जीडीपीत जमा आणि जमिनीखालचा साठा कमी झाल्याची नोंद त्यात कुठेच नाही.

वजा करून बघितलंय. चीनने २००४ सालासाठी केलं, २००६ मध्ये छापलं, प्रदूषणाचं नुकसान जीडीपीच्या ३.०५ टक्के निघालं आणि त्यातही बऱ्याच गोष्टी धरल्या नव्हत्या. पुढच्या वर्षीचा आकडा प्रांतांना आवडला नाही आणि तो छापलाच गेला नाही. अडचण राजकारणाची आहेच, पण किमतीचीही आहे. नाग नदीची किंमत किती लावायची? जी वस्तू बाजारात विकत नाहीत तिला रुपयात बसवताना हवा तसा आकडा बसवता येतो, आणि एकदा सगळं रुपयात आलं की "नदी गेली पण मॉल आला, बेरीज तीच" असंही म्हणता येतं.

आपल्याकडे अर्थतज्ज्ञ पार्थ दासगुप्तांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यांचा भर उत्पन्नातून वजा करण्यापेक्षा संपत्ती मोजण्यावर होता: माणसाने बांधलेलं भांडवल, माणसांचं शिक्षण-आरोग्य, आणि निसर्ग, असा तिन्हींचा ताळेबंद, आणि दरडोई संपत्ती वाढतेय की घटतेय ते बघा. मला ही दिशा जास्त प्रामाणिक वाटते. उत्तराखंडने २०२४ मध्ये हवा, माती, झाडं आणि पाणी यांचा वेगळा निर्देशांक काढला आहे. महाराष्ट्राने असं काही करावं आणि सुरुवात विदर्भापासून करावी, कारण राज्याची बरीच वीज, कोळसा आणि सगळ्यात मोठी जंगलं इथेच आहेत आणि त्यांचा हिशोब मुंबईच्या उत्पन्नात मिसळला की दिसेनासा होतो.

उमरेड, खाणीत ठेक्यावर काम करणारा कामगार: सगळे सांगतात का कोळसा बंद झाला पाहिजे. आमचं काय होईल ते कोणी मोजते का?

दादा, मोजायला पाहिजे आणि पहिल्याच उत्तरात सांगितलेल्या चौकटीत त्याची जागा आहे. त्यात पेन्शन किती लोकांना मिळते हा निर्देशक आहे आणि विषमता मोजायला पाल्मा रेशो आहे, म्हणजे वरच्या १० टक्के लोकांचं उत्पन्न भागिले खालच्या ४० टक्क्यांचं. पण देशाच्या पातळीवर हे बघून उमरेडचं काही कळत नाही. वेकोलिच्या (म्हणजे खाण चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) पगारपत्रकावरची माणसं मोजली जातात, ठेकेदाराकडचे, ट्रकवाले, टायर पंक्चरवाले, चहाच्या टपऱ्या हे तिथे नसतात, आणि खाण बंद झाली की पहिला मार त्यांनाच बसतो. सोलरमध्ये इतक्या लाख नोकऱ्या आल्या असं सांगितलं तर विचारायचं, कुठल्या जिल्ह्यात आणि किती महिन्यांच्या? पॅनल बसवून झाले की ते काम संपतं. राजस्थानात तयार झालेली नोकरी उमरेडच्या माणसाच्या खात्यात जमा धरता येत नाही. खाण बंद करण्याच्या प्लॅनमध्ये ठेका कामगारांची यादी आहे का, हे तुमच्या संघटनेने आत्ताच मागून घ्या, बंद व्हायची वाट बघू नका.

हिंगणा रोड, शाळेतल्या शिक्षिका: आठवी-नववीच्या मुलांकडून यावर प्रोजेक्ट करून घ्यायचाय. चार्ट पेपरवर झाडं काढायची नाहीत, खरं काही मोजायचंय. काय सुचवाल?

बाई, खूप आनंद झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर अ‍ॅपवर शहरातल्या स्टेशनचे आकडे येतात, सिव्हिल लाइन्सला जीपीओसमोरचं स्टेशन त्यातलं जुनं. मुलांना रोज एका ठराविक वेळी वहीत लिहायला लावा, दिवाळीच्या आधीपासून होळीनंतरपर्यंत. आणि आधी नकाशावर बघायला लावा की स्टेशन कुठे आहेत आणि वीज केंद्र, एमआयडीसी, भांडेवाडीचा कचरा डेपो कुठे आहेत, म्हणजे सिव्हिल लाइन्सचा आकडा अख्ख्या नागपूरचा नाही हे त्यांना आपोआप दिसेल.

पाण्याचंही घ्या. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून त्यातलं रोज १३० एमएलडी, म्हणजे १३ कोटी लिटर, कोराडीच्या वीज केंद्राला द्यायची योजना देशभर नावाजली गेली, कारण तेवढं पेंचचं पिण्याचं पाणी वाचतं. मुलांनी महापालिकेला पत्र लिहून विचारावं की गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती गेलं, शहराचं एकूण सांडपाणी किती, आणि उरलेलं कुठे जातं. क्षमता नका विचारू, प्रत्यक्ष विचारा. उत्तर नाही आलं तर आरटीआय आहे, मुलांच्या वतीने तुम्ही टाकू शकता, दहा रुपये लागतात.

आणि घरचं वीजबिल. बारा महिन्यांची बिलं, युनिट लिहायचे, कोळशाच्या विजेत एका युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड धरायचा, घरात माणसं किती त्याने भागायचं. मग ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचा आणि ज्यांच्याकडे एकच पंखा आहे त्यांचा आकडा शेजारी शेजारी लिहायचा, नावं न लिहिता. मुलांनी लिहिलेला आकडा घराचा एकूण आहे की माणशी, एवढं फक्त नीट तपासा, आणि दोन्ही आकडे वहीत राहू द्या. प्रोजेक्ट झाला की आम्हाला पाठवा, मुलांचे तक्ते या सदरात छापू.